धूळ उडते तिथेच धरा: पॉवर टूल्सना डस्ट एक्स्ट्रॅक्शन जोडताना

काम संपल्यावर वर्कशॉपचे दिवे घालवा, दार लावून घ्या आणि टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर आडवा धरून पेटवा. मी हे पहिल्यांदा केलं त्या दिवशी लाकूड घासायच्या सँडरला व्हॅक्यूमची नळी जोडून दोन तास काम केलं होतं. टेबल पुसून झालं होतं, व्हॅक्यूम बंद करून ठेवला होता, आणि आता धुळीची कटकट मिटली म्हणून मी खुशीत होतो. टॉर्चच्या झोतात पाहिलं तर खोलीभर धुकं तरंगत होतं. ट्यूबलाइटच्या उजेडात त्यातलं काहीच दिसलं नव्हतं. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. सँडरच्या पॅडला धूळ ओढायची आठ भोकं होती आणि मी लावलेला पेपर पाच भोकांचा होता. नळी होती, व्हॅक्यूम चालू होता, पण धुळीला आत शिरायला वाटच नव्हती.

नळी जोडली की धूळ गेली, या समजुतीनं नुकसान होतं. पात्यापासून कव्हर, कव्हरपासून नळी, पुढे फिल्टर, पिशवी आणि शेवटी ती पिशवी टाकणं, यातला एक सांधा ढिला असला तरी बाकीचं सगळं वाया जातं. शिवाय ही जोडणी स्वतःचे काही धोके घेऊन येते. गार्ड काढावा लागतो, ठिणगी आत ओढली जाते, नळी पायात येते. पुढे दोन्ही बाजू सांगतो.

आधी धूळ ओळखा

जमिनीवर पडलेला भुसा दिसतो म्हणून आपण त्याला घाबरतो. खरं तर जो पडला तो निदान श्वासात तरी जात नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. फुप्फुसात खोलवर पोहोचणारे कण १० मायक्रॉनच्या आतले, आणि त्यातही ४-५ मायक्रॉनच्या खालचे सगळ्यात वाईट. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि बंद खोलीत तासन्‌तास हवेत राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं, म्हणजे आयएआरसीनं, लाकडाच्या धुळीला १९९५ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. काँक्रीट, वीट, ग्रॅनाइट, टाइल कापताना उडणाऱ्या स्फटिक सिलिकाचा नंबर १९९७ साली लागला. सिलिकामुळे होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारावर बरा करणारा इलाज नाही. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्यानं २०१६ मध्ये सिलिकाची मर्यादा ठरवली ती आठ तासांच्या सरासरीनं घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम. हा आकडा नुसता वाचून काही कळत नाही, म्हणून हिशोब मांडून पाहा. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच खोलीत ३० घनमीटर हवा असते. तेवढ्या हवेत दीड मिलिग्रॅम झालं की मर्यादा गाठली. दीड मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे वीस-पंचवीस दाणे. भिंतीत एक फूटभर खाच मारताना केवढं पीठ उडतं ते आठवा.

एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू चिकटवून दाबलेल्या बोर्डाची, धूळ साध्या लाकडापेक्षा बारीक असते आणि त्यात चिकटवणाऱ्या रेझिनचा अंशही असतो. सागवान आणि शिसम कापताना काहींना खाज, पुरळ किंवा दम्यासारखा त्रास सुरू होतो, आणि एकदा सुरू झाला की पुढे थोड्या धुळीनंही उठतो. ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे आणि शिसं असलेला जुना रंग या दोन गोष्टींना घरगुती जुगाडानं हात लावूच नका. ते प्रशिक्षित माणसांचं आणि वेगळ्या सामग्रीचं काम आहे.

फुंकर लांब जाते, ओढ जात नाही

एक मेणबत्ती पेटवा. हातभर अंतरावरून फुंकून ती विझवता येते. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून दाखवा! ज्योत हलतसुद्धा नाही. व्हॅक्यूमच्या नळीचंही तसंच आहे. नळीच्या तोंडापासून तिच्याच व्यासाइतकं लांब गेलात की हवेचा वेग तोंडापाशी असतो त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उतरतो. ३६ मिमीची नळी असेल तर तिची खरी ताकद त्या ३६ मिमीतच संपते.

म्हणून मदतनिसाला नळी हातात देऊन "इथे जवळ धर" म्हणण्यात फारसा अर्थ नसतो. ग्राइंडरच्या चकतीवरून सुटणारा कण बंदुकीच्या छऱ्यासारखा निघतो, त्याला हातभर लांबून ओढून घेणं अशक्य आहे. त्याला कव्हरमध्येच अडवावं लागतं. कव्हर, शू, हूड, काय म्हणाल ते, पण खरं काम त्याचं असतं. व्हॅक्यूम फक्त अडवलेलं वाहून नेतो. बाजारात महागडा व्हॅक्यूम घेऊन कव्हर मात्र कुठलं तरी बसवणारे लोक मी खूप पाहिले आहेत. उलटं केलं असतं तर जास्त फायदा झाला असता.

व्हॅक्यूम कोणता

घरातला झाडू-पोछ्याच्या जोडीचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. बहुतेक घरगुती मशीनमध्ये ओढलेली हवाच मोटरवरून नेऊन मोटर थंड केली जाते. बारीक पीठ फिल्टरमधून निसटून मोटरवर बसतं, उरलेलं मागच्या जाळीतून परत खोलीत येतं. म्हणजे खाली पडलेली धूळ तुम्ही स्वतः नाकाच्या उंचीवर आणून सोडता. वर्कशॉपसाठीच्या मशीनमध्ये मोटर थंड करणारी हवा वेगळ्या वाटेनं फिरते.

धुळीच्या मशीनवर एल, एम किंवा एच असं अक्षर दिसेल. युरोपच्या ईएन ६०३३५-२-६९ या मानकातले हे तीन वर्ग. एल वर्गातून १ टक्क्यापर्यंत धूळ निसटू शकते, एम वर्गातून ०.१ टक्का आणि एच वर्गातून ०.००५ टक्का. लाकूड आणि बांधकामाच्या धुळीसाठी एमच्या खाली जाऊ नये असं माझं मत आहे. एम वर्गाचा आणखी एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. नळीतल्या हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला की मशीन आवाज करून सांगतं. तो पीं-पीं आवाज त्रासदायक वाटतो म्हणून काही जण डायल फिरवून गप्प करतात. त्या डायलवर नळीचा व्यास लिहिलेला असतो आणि तो प्रत्यक्षात लावलेल्या नळीशी जुळलाच पाहिजे. ३६ मिमीच्या नळीत २० मीटरचा वेग राखायला तासाला साधारण ७३ घनमीटर हवा लागते, २७ मिमीच्या नळीला ४१ पुरते. जाड नळी लावून डायल २७ वर ठेवला तर हवा कमी पडली तरी मशीन तोंड उघडणार नाही.

बारीक नळी हलकी असते, सँडरला ती बरी. रंधा मशीन, लाकडात खाचा-कडा कोरणारा राउटर, सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत) यांचा ढलपी-भुसा जाड असतो, त्यांना ३५ मिमीच्या पुढचीच नळी लावा. मध्ये सायक्लोनची, म्हणजे हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणारी, बादली ठेवली तर बहुतेक भुसा तिथेच पडतो आणि फिल्टर खूप दिवस मोकळा राहतो. पातळ प्लॅस्टिकची बादली घेऊ नका. नळी तुंबली की व्हॅक्यूम त्या बादलीला रिकाम्या पाण्याच्या बाटलीसारखं चिरडतो, आणि तो आवाज ऐकून हातातलं टूल सुटता सुटता वाचतं. हे अनुभवानं सांगतो आहे.

जोडताना

पहिलं काम म्हणजे प्लग भिंतीतून काढा. कॉर्डलेस असेल तर बॅटरी काढा. स्विच बंद केला म्हणजे झालं, असं नाही. कव्हर बसवताना बोटं पात्यापाशी असतात आणि ट्रिगरला धक्का लागायला क्षण पुरतो.

मग टूलचं धुळीचं तोंड आणि नळीचं टोक मोजा. कंपन्यांचे व्यास एकमेकांशी जुळत नाहीत, ही या धंद्यातली जुनी रड आहे. पायऱ्या-पायऱ्यांचा रबरी अडॅप्टर मिळतो, तो चाकूनं हव्या त्या पायरीवर कापून घ्या. टेप गुंडाळून काम भागतं ते फक्त त्या दिवसापुरतं. कंपनानं टेप सुटते, सांधा हवा खातो आणि ओढ निम्मी होते. सांधा फिरता असावा म्हणजे नळी पिळली जात नाही.

बसवून झालं की प्लग न लावता चकती किंवा पातं हातानं पूर्ण एक फेरा फिरवा. कुठे घासतंय का ते पाहा, ऐका. सर्क्युलर सॉ असेल तर खालचा गार्ड मागे ओढून सोडा. तो झटकन, न अडखळता परत बंद झाला पाहिजे. अडॅप्टर किंवा नळीचा बाक त्या गार्डच्या आड आला तर गार्ड अर्धा उघडा राहतो, आणि सॉ खाली ठेवताना उघडं पातं मांडीला किंवा जमिनीला भिडतं. गार्ड अडत असेल तर ती जोडणी चालणार नाही, मग धूळ कितीही उडो.

कामाच्या वेळी आधी व्हॅक्यूम चालू, मग टूल. संपवताना आधी टूल बंद, मग दहा-पंधरा सेकंदांनी व्हॅक्यूम, म्हणजे नळीत राहिलेला माल पिशवीत पोहोचतो. व्हॅक्यूमवर ऑटो-स्टार्टचा सॉकेट असला आणि टूल त्यात लावलं तर हे आपोआप होतं. मात्र त्या सॉकेटवर किती वॅटपर्यंतचं टूल चालेल ते पाटीवर लिहिलेलं असतं, ते वाचा. १२०० वॅटचा व्हॅक्यूम आणि १४०० वॅटचा ग्राइंडर एकाच प्लगमधून चालवले तर २३० व्होल्टला ११ अँपियरहून जास्त करंट जातो. एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडूनच वापरा. गुंडाळलेली वायर तापते आणि आतून वितळते. लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा.

एकेका टूलची खोड

सँडर. पेपरची भोकं पॅडच्या भोकांवर बरोबर बसवा किंवा सरळ जाळीचा पेपर घ्या, त्यात जुळवण्याचा प्रश्नच नाही. व्हॅक्यूम पूर्ण जोरात ठेवला की सँडर लाकडाला चिकटून बसतो, उड्या मारतो आणि गोल ओरखडे पाडतो. ओढ थोडी कमी करा. टूल लाकडावर टेकवून चालू करायचं आणि फिरायचं थांबेपर्यंत उचलायचं नाही. उचलताच पॅडखालचं पीठ कडेनं उडतं.

सर्क्युलर सॉ. पात्याचे दात पुढच्या बाजूनं वर येतात, म्हणून भुसा वरच्या गार्डच्या आतून फिरून मागच्या तोंडातून निघतो. तिथे लाकडाचा एखादा तुकडा अडकला की भुसा सगळा समोर, चेहऱ्यावर. तुंबलेलं वाटलं तर प्लग काढून काडीनं मोकळं करा. फळीच्या कडेची बारीक पट्टी काढताना पात्याची एक बाजू उघडी राहते आणि निम्मी धूळ तिथून निसटते. त्याला कव्हरनं इलाज होत नाही, मास्कच लागतो. खाली फोमची शीट किंवा टाकाऊ प्लाय ठेवून कापलं तर खालून उडणारं बरंच कमी होतं.

जिगसॉचं समोरचं पारदर्शक झाकण खाली घ्या, बाकी फार काही करता येत नाही. राउटरला कडेच्या कामासाठी एक आणि मधल्या खाचेसाठी दुसरा असे वेगवेगळे हूड लागतात. नळीच्या वजनानं राउटर कलतो, म्हणून नळी वर हुकाला टांगा. रंधा मशीनचं तोंड लांब ढलप्यांनी तुंबतं. तिथे बोट घालायचं नाही, बंद केल्यावरही सिलिंडर काही वेळ फिरतच राहतो. मायटर सॉबद्दल, म्हणजे कोनात कापणाऱ्या टेबलावरच्या करवतीबद्दल, खरं सांगायचं तर त्याच्या मागच्या छोट्या तोंडाला कितीही चांगला व्हॅक्यूम लावा, अर्धी धूळ मागे उडणारच. त्याच्यामागे तिन्ही बाजूंनी आडोसा उभा करून त्या आडोशालाच जाड नळी जोडली तर फरक पडतो.

भिंतीत ड्रिल मारताना पोकळ बिट मिळालं तर उत्तम, धूळ बिटच्या आतूनच ओढली जाते. नाहीतर भोकाभोवती बसणारी रिंग घ्या. पोपडे निघालेल्या रंगावर ती धरत नाही, तिथे कोणीतरी हातानं धरावी लागते. हॅमर ड्रिलला लावलेला छोटा धूळडबा दिसतो तेवढा मोठा नसतो, दहा-पंधरा भोकांनंतर उघडून पाहा.

ग्राइंडरवर जरा थांबू

सगळ्यात जास्त धूळ आणि सगळ्यात जास्त अपघात याच टूलवर. काँक्रीट घासायच्या डायमंड कप व्हीलला ब्रशच्या झालरीचं कव्हर लागतं. खाच मारायला वेगळं, खाली पट्टी असलेलं कटिंग कव्हर लागतं. ही दोन्ही मूळ गार्डच्या जागी बसतात, आणि इथेच गफलत होते. मूळ लोखंडी गार्ड फुटलेल्या चकतीचे तुकडे अडवण्यासाठी असतो. रबरी कड्यानं आवळायचं मऊ प्लॅस्टिकचं सर्वसामान्य कव्हर ते करू शकत नाही. ते घासायच्या कप व्हीलपुरतं ठीक. चिकटवलेल्या दाण्यांची कटिंग चकती लावायची असेल तर टूलच्या कंपनीनं त्या मॉडेलसाठी दिलेलं कव्हरच वापरा. कव्हरवर लिहिलेल्या व्यासापेक्षा मोठी चकती बसते आहे म्हणून बसवू नका. चकतीवर लिहिलेले कमाल फेरे ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत.

झालरीची उंची नीट लावा. कप भिंतीला टेकतो त्याच क्षणी ब्रशही टेकला पाहिजे. ब्रश वर राहिला तर फट राहते, फार खाली आला तर टूल दाबावं लागतं आणि ब्रश दोन दिवसांत झिजतो. कोपऱ्यापर्यंत पोहोचता यावं म्हणून बऱ्याच कव्हरचा एक भाग सरकतो. तो उघडला की चकती त्या बाजूनं उघडी पडते. कोपरा झाला की लगेच बंद करा. ही सवय लावून घ्यावी लागते, आपोआप लागत नाही.

खाच मारताना कव्हरवरच्या बाणाच्या दिशेनंच सरकवा. चकती ज्या बाजूला धूळ फेकते तिथे नळीचं तोंड असतं. उलट ओढलं की धूळ समोरून बाहेर येते आणि चकती खाचेतून उसळून अंगावर येण्याची शक्यता वाढते. चकती भिंतीत शिरते तो पहिला क्षण आणि निघते तो शेवटचा, या दोन्ही वेळी थोडी धूळ सुटणारच, तेव्हा घाई नको. झालर असली की चकती थांबली की फिरते आहे ते दिसत नाही. टूल खाली ठेवण्याआधी आवाज पूर्ण थांबू द्या.

ठिणगी

एकदा लाकडाचं काम चालू असताना मध्येच दोन लोखंडी बोल्ट कापायची वेळ आली. दोन मिनिटांचं काम म्हणून मी व्हॅक्यूम तसाच जोडलेला ठेवला. बोल्ट कापले, पुन्हा लाकडाकडे वळलो. पाच-दहा मिनिटांनी जळक्या कागदाचा वास आला. मी काय करावं? व्हॅक्यूमचं झाकण उघडलं. आत पिशवीला मुठीएवढं लालसर काळं वर्तुळ धुमसत होतं आणि झाकण उघडताच हवा मिळून भप्‌कन ज्योत उठली. भुवया गेल्या, बाकी निभावलं.

तेव्हापासून लोखंड कापायचं किंवा घासायचं असेल तर लाकडाचा व्हॅक्यूम खोलीच्या बाहेर. धातूसाठी ठिणगी विझवणारी वेगळी व्यवस्था असलेली मशीन असतात. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमची धूळ तर स्वतःच जळणारी. त्यात लोखंडाची गंजधूळ मिसळली आणि ठिणगी पडली तर ती पाण्यानंही विझत नाही, उलट भडकते.

लाकडातही ठिणगी लपलेली असते. जुन्या फळीतला खिळा किंवा स्टेपल पात्याला लागला की तापलेला तुकडा सरळ पिशवीत. घासण्याआधी जुनं लाकूड चुंबक फिरवून तपासा. जुनं तेल-पॉलिश किंवा पॉलियुरेथेन घासून निघालेलं पीठ पिशवीत दाबून राहिलं तर ते आपणहून तापत जातं आणि काही तासांनी, रात्री कोणी नसताना, पेटू शकतं. अशी पिशवी रोज संध्याकाळी काढून झाकणाच्या धातूच्या डब्यात, इमारतीपासून दूर ठेवावी.

जळका वास आला तर टूल बंद, प्लग बाहेर. झाकण उघडायचं नाही. मशीन उचलता येण्याजोगं असेल आणि धूर किरकोळ असेल तर तसंच्या तसं उघड्यावर न्या. लाकडाच्या धुमसणाऱ्या भुशावर पाण्याचा जोराचा झोत मारू नका, त्यानं पीठ हवेत उडतं आणि हवेत उडालेलं पीठ स्फोटासारखं पेटतं. बारीक शिंपडा द्या. धूर वाढला तर माणसांना बाहेर काढून अग्निशमन दलाला बोलवा. व्हॅक्यूम जाऊ दे.

झटका आणि नळी

कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या नळीतून धूळ वेगानं घासत गेली की स्थिर वीज साठते. हाताला झटका बसतो तो जीवघेणा नसतो, पण दचकून फिरत्या पात्यापाशी हात हलला तर व्हायचं ते होतं. अँटिस्टॅटिक नळी घ्या. मात्र ती वीज वाहून नेते ती टूलच्या तोंडापासून व्हॅक्यूमच्या सॉकेटपर्यंत, आणि तिथून अर्थच्या पिनमार्गे जमिनीत. मधेच साधा प्लॅस्टिकचा अडॅप्टर घुसवलात किंवा अर्थिंगच नसलेल्या दोन पिनांच्या जुगाडावर मशीन चालवलंत तर अँटिस्टॅटिक नळीचा उपयोग शून्य.

नळी आणि वायर दर हातभर अंतरावर वेल्क्रोच्या पट्टीनं एकत्र बांधा आणि खांद्यावरून मागे सोडा. फळीच्या कडेवर नळीचा वेटोळा अडकला की सॉ कापाच्या मध्यात थबकतो आणि पातं मागे फेकतं. कापायला सुरुवात करण्याआधी टूल बंद ठेवून शेवटपर्यंत एक फेरी मारून पाहा, नळी पुरते ना? शिडीवर असाल तर व्हॅक्यूम खालीच ठेवा आणि नळीचं वजन शिडीला नाही, भिंतीला किंवा छताला बांधा. दोन मशीनचा आवाज एकत्र होतो, कानांना मफ लावा.

फिल्टर, पिशवी आणि शेवटची धूळ

सगळी काळजी घेऊन मग फिल्टर दाराच्या चौकटीवर आपटणारे लोक आहेत. दिवसभर पकडलेलं एका मिनिटात मोकळं. त्यात फिल्टरच्या घड्या फाटतात आणि मग पुढचे सगळे दिवस धूळ सरळ पार जाते. कॉम्प्रेसरची हवा मारणं तर त्याहून वाईट. ज्या मशीनमध्ये फिल्टर झटकायची सोय आहे तिथे बटण वापरा, नाहीतर दुसऱ्या व्हॅक्यूमनं बाहेरून हलकेच ओढून घ्या. काँक्रीटच्या धुळीचा फिल्टर ओला होऊ देऊ नका. आतलं सिमेंट घट्ट बसतं आणि मग फिल्टर फेकावाच लागतो. पाणी ओढलेल्या मशीनमध्ये कोरडं काम करण्याआधी आतून पुसून वाळवा.

फ्लीसची (न विणलेल्या कापडाची) पिशवी कागदी पिशवीपेक्षा महाग पडते पण फाटत नाही आणि भरत आली तरी हवा जाऊ देते. पाऊण भरली की बदला. बदलताना मास्क लावूनच ठेवा, पिशवीचं तोंड तिच्याच झाकणानं बंद करा, टेप मारा आणि दुसऱ्या पिशवीत घालून बांधा.

मास्कबद्दल थोडं. एफएफपी२ आणि एन९५ या दर्जाचे मास्क चालतात, सिलिकासाठी त्याहून वरचा एफएफपी३ घ्या. दाढी असेल तर कडा चेहऱ्याला चिकटत नाहीत आणि मास्क नुसता लटकतो. अशांना डोक्यावर हवा सोडणारं हेल्मेट लागतं. आणि एक लक्षात ठेवा, यातलं काहीही थिनर, स्प्रे पेंट किंवा इपॉक्सीच्या वाफेसाठी नाही. वाफ फिल्टरमधून आरपार जाते, आणि पेट घेणारी वाफ व्हॅक्यूमच्या मोटरपर्यंत पोहोचणं म्हणजे ठिणगीकडे चालत जाणं.

काम झाल्यावर झाडू मारायचा नाही, ब्लोअर तर मुळीच नाही. फरशी, टेबल, खिडकीच्या वरची पट्टी, ट्यूबलाइटची पाठ, सगळं त्याच व्हॅक्यूमनं ओढून घ्या. तुळयांवर जमलेला मिलिमीटरभर थर एखाद्या धक्क्यानं हवेत आला तर आगीला तेवढा पुरतो. मग टॉर्चची परीक्षा घ्या. झोतात कण दिसले तर कुठून आले ते दुसऱ्या दिवशी शोधा: एकजण टूल चालवेल, दुसरा मास्क लावून बाजूला उभा राहून झोत कव्हरच्या कडेवर टाकेल, आणि फट लगेच सापडेल. कपडे दारात झटकू नका. अंगावरच व्हॅक्यूमचा ब्रश फिरवा, मग काढा, आणि घरच्या धुण्यात मिसळू नका. मास्क सगळ्यात शेवटी उतरवायचा.